लॅपटॉपला सारखी ब्लू स्क्रीन येतेय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

कधीतरी एकदा ब्लू स्क्रीन आली, लॅपटॉप रिस्टार्ट झाला आणि परत कधी आलीच नाही, तर तो विषय सोडून द्या, त्याच्यामागे लागण्यात नुसता वेळ जातो. हे सगळं लिहितोय ते त्यांच्यासाठी ज्यांचा लॅपटॉप दोन दिवस नीट चालतो, मग मीटिंगच्या मधेच उडतो, मग आठवडाभर शांत बसतो आणि मग एकाच संध्याकाळी तीनदा पडतो. असं झालं की बहुतेक जण पहिलं काय करतात तर फॉरमॅट. सगळा डेटा हलवायचा, सॉफ्टवेअर परत टाकायची, पासवर्ड शोधत बसायचं, आणि चार दिवसांनी ये रे माझ्या मागल्या. कारण रॅम खराब असेल किंवा एसएसडी मधेच गायब होत असेल तर फॉरमॅटने काय फरक पडणार, आणि दोष एखाद्या ड्रायव्हरचा, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा, असेल तर फॉरमॅटनंतर विंडोज अपडेट बरेचदा तोच ड्रायव्हर परत आणून बसवतं.

म्हणून आधी कारणाचा छडा लावायचा, मग उपाय. आणि छडा लावता येतो, कारण विंडोज प्रत्येक क्रॅशच्या वेळी काहीतरी लिहून ठेवतं, फक्त आपण ते वाचत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तीन-चार क्रॅश शेजारी शेजारी ठेवून बघा. दरवेळी तोच स्टॉप कोड (ब्लू स्क्रीनवर येणारं क्रॅशचं नाव किंवा आकडा) आणि तोच ड्रायव्हर दिसत असेल तर गडबड बहुतेक त्या ड्रायव्हरची किंवा त्या ड्रायव्हरच्या हार्डवेअरची असते. दरवेळी वेगळा कोड, वेगळी फाइल, वेगळी वेळ, कशाचा कशाला मेळ नाही असं असेल तर संशय रॅमवर घ्या. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण सुरुवात कुठून करायची हे तो बरोबर सांगतो. आणि एकाच क्रॅशवरून सुतावरून स्वर्ग गाठू नका.

ब्लू स्क्रीन म्हणजे काय हेही थोडक्यात. विंडोजच्या सगळ्यात आतल्या भागात, म्हणजे कर्नलमधे, असं काहीतरी घडलं की आता पुढे चालू राहिलं तर डेटा खराब होऊ शकतो, तेव्हा विंडोज स्वतःहून सगळं थांबवतं. साधा अ‍ॅप अडकला तर फक्त तो अ‍ॅप बंद होतो, पण ड्रायव्हर कर्नलमधे चालतात त्यामुळे ड्रायव्हरने घोळ घातला की अख्खं मशीन जातं. आणि हो, विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर ही स्क्रीन निळी न येता काळी येते, वरचा रडका चेहराही गेला. त्यामुळे काळ्या स्क्रीनवर टक्के मोजताना दिसले आणि खाली स्टॉप कोड दिसला तर ती हीच जुनी ब्लू स्क्रीन आहे, डिस्प्ले गेलाय असं समजू नका.

आधी पुरावे जपायची सोय करा. स्टार्टमधे जाऊन अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज शोधा, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या खाली सेटिंग्जवर क्लिक करा. ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढून टाका, म्हणजे स्क्रीन तशीच थांबून राहील आणि तुम्हाला मोबाइलवर फोटो काढता येईल. त्याच्याच खाली डंप, म्हणजे क्रॅशच्या क्षणाची माहिती साठवणारी फाइल, कुठला लिहायचा ते असतं, तिथे स्मॉल मेमरी डंप निवडा, ही २५६ केबीची छोटी फाइल असते आणि प्रत्येक क्रॅशची वेगळी राहते. मोठा डंप असतो तो नवीन क्रॅश झाला की जुन्यावरच लिहिला जातो, मग तुलना कशी करणार. डंप लिहायला पेजफाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल, लागते, त्यामुळे "रॅम भरपूर आहे, पेजफाइल कशाला" म्हणून ती कोणी बंद करून ठेवली असेल तर परत सिस्टिम मॅनेज्ड करून ठेवा. आणि ते जंक साफ करणारे क्लीनर अ‍ॅप आहेत ना, ते काही दिवस चालवू नका, त्यातले बरेचसे या डंप फाइल जंक समजून उडवतात. विंडोजच्या स्वतःच्या डिस्क क्लीनअपमधेही तो पर्याय असतो, तिथेही टिक करू नका.

यानंतर क्रॅश झाला की सी ड्राइव्हमधे विंडोजच्या आत मिनीडंप नावाच्या फोल्डरमधे फाइल दिसेल. फाइलच्या नावातले पहिले सहा आकडे म्हणजे महिना, दिवस आणि वर्ष, त्याच क्रमाने. दिवस आधी समजून वाचलंत तर तारखांचा सगळा गोंधळ होईल.

याच्या जोडीला एक साधी नोंद ठेवा, मोबाइलच्या नोट्समधे चालेल. क्रॅश कधी झाला, चार्जर लावलेला होता का, झाकण उघडं होतं का बंद, बाहेरचा मॉनिटर, डॉक, पेनड्राइव्ह काय जोडलेलं होतं, आणि नेमकं काय चालू होतं. बऱ्याच वेळा डंप उघडायच्या आधी या नोंदीतच उत्तर सापडतं. "फक्त बॅटरीवर असताना", "फक्त डॉक लावल्यावर", "फक्त झाकण बंद केल्यानंतर" असं काहीतरी दिसायला लागतं.

मागचे क्रॅश बघायचे असतील तर स्टार्टमधे व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी शोधा. हे टूल बरीच वर्षं विंडोजमधे आहे आणि फार कमी लोक उघडतात. दिवसवार तक्ता येतो, क्रॅशच्या दिवशी लाल फुली, आणि त्याच्याच खाली त्या दिवशी कुठलं अपडेट आलं, कुठलं सॉफ्टवेअर टाकलं हेही. पहिली लाल फुली शोधा आणि तिच्या आदल्या दोन-तीन दिवसांत काय बदललं ते बघा. नवीन व्हीपीएन, नवीन अँटीव्हायरस, ग्राफिक्स ड्रायव्हरचं अपडेट, काहीतरी सापडतंच.

मग इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज लॉग्जमधे सिस्टिम उघडा आणि कर्नल-पॉवर, आयडी ४१ शोधा. ही ४१ ची एंट्री बघून लोक लगेच पॉवर सप्लाय खराब आहे म्हणतात, पण तिचा अर्थ एवढाच की लॅपटॉप नीट शटडाऊन न होता बंद पडला. खरी माहिती तिच्या डिटेल्स टॅबमधे असते. तिथे बगचेककोड नावाची ओळ असते. ती शून्य असेल तर बहुतेक ब्लू स्क्रीन झालीच नाही, लॅपटॉप एकदम वीज गेल्यासारखा बंद पडला किंवा असा गोठला की तुम्ही बटण दाबून बंद केला, म्हणजे मग उष्णता, बॅटरी, चार्जर, मदरबोर्ड या बाजूला जायचं. आकडा असेल तर तो स्टॉप कोड आहे, पण इथे तो साध्या दशमान पद्धतीत दिसतो आणि स्क्रीनवरचे कोड हेक्समधे (सोळाच्या पद्धतीत) असतात, त्यामुळे नेटवर शोधताना घोटाळा होतो. इथे १५९ दिसला तर तो ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर, २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, २९२ म्हणजे व्हिया अनकरेक्टेबल एरर, २३९ म्हणजे क्रिटिकल प्रोसेस डाइड, २७८ म्हणजे व्हिडिओ टीडीआर फेल्युअर. विंडोजच्या कॅल्क्युलेटरला प्रोग्रॅमर मोडवर टाकून आकडा हेक्स करून घेतला तरी चालतं.

आता डंप वाचायचा. सोपा मार्ग म्हणजे ब्लूस्क्रीनव्ह्यू, छोटं फुकट टूल आहे, सगळे डंप एका यादीत दाखवतं, त्यामुळे मघाशी म्हटलं तशी तुलना पटकन होते. पण त्यात एक मोठा सापळा आहे. बऱ्याच वेळा दोषी म्हणून एनटीओएसकर्नल दाखवलं जातं. ते विंडोजचं स्वतःचं कर्नल आहे, क्रॅश जाहीर करायचं काम त्याचंच, त्यामुळे त्याचं नाव यादीत येतंच. एखाद्या ड्रायव्हरने दुसऱ्याच्या मेमरीत भलतंच काहीतरी लिहून ठेवलं आणि नंतर कर्नल तिथे वाचायला गेलं आणि पडलं, तर नाव कर्नलचं येणार. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या नावावरून विंडोज खराब झालंय असं ठरवू नका.

म्हणून थोडी मेहनत घेऊन विनडीबीजी टाका, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर फुकट मिळतं. डंप फाइल आधी डेस्कटॉपवर कॉपी करा कारण मूळ फोल्डरमधून उघडताना परवानगीचा एरर येतो. फाइल उघडली की अ‍ॅनालाइझची निळी लिंक येते, तिच्यावर क्लिक करा आणि थांबा, पहिल्यांदा इंटरनेटवरून सिम्बॉल डाउनलोड होतात म्हणून वेळ लागतो. खूप मजकूर येईल, घाबरू नका. सगळ्यात वर स्टॉप कोड आणि त्याची चार आर्ग्युमेंट (कोडसोबतचे आकडे), खाली इमेज नेम आणि मॉड्यूल नेम, आणि मधे स्टॅक टेक्स्ट, म्हणजे क्रॅशच्या आधी काय काय चालू होतं त्याची यादी. स्टॅकमधे खालून वर वाचायचं, आणि त्यात मायक्रोसॉफ्टचं नसलेलं एखादं नाव दिसतंय का ते बघायचं. एनव्हीएलडीडीएमकेएम दिसलं तर एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, नेटडब्ल्यूटीडब्ल्यू ने सुरू होणारं काही दिसलं तर इंटेलचं वायफाय, आरटी ने सुरू होणारं असेल तर बरेचदा रिअलटेकचं. ओळखीचं नसेल तर ती फाइल सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमधे किंवा ड्रायव्हरस्टोअरमधे शोधून राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स बघा, कंपनीचं नाव तिथे असतं.

आता मला सगळ्यात जास्त दिसणारा लॅपटॉपचा प्रकार, आणि डेस्कटॉपवाल्यांना तो फारसा भेटत नाही म्हणून इथे जरा थांबतो. लॅपटॉपचं झाकण बंद केलं, बॅगेत टाकला, दोन तासांनी उघडला तर सगळं बंद, ब्राउझरचे टॅब गेलेले, लॅपटॉप नव्याने सुरू झालेला, कधी कधी तर बॅग गरम. लोकांना वाटतं बॅटरी उतरली असेल. मागे लॉग बघितला तर १५९, म्हणजे मघाचा ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर. यात होतं काय, झाकण बंद केल्यावर विंडोज प्रत्येक डिव्हाइसला झोपायला सांगतं आणि त्याचा ड्रायव्हर "झोपलो" असं कळवेपर्यंत वाट बघतं. एक जण जरी उत्तर देत नसेल तर सगळे तिथेच अडकतात, आणि काही मिनिटं वाट बघून झाली की विंडोज क्रॅश करतं. म्हणून झाकण लावल्यावर लगेच काही दिसत नाही, क्रॅश बंद झाकणाच्या आत होतो आणि ब्लू स्क्रीन तुम्हाला कधी दिसतच नाही. विनडीबीजीमधे याचं पहिलं आर्ग्युमेंट ३ असेल तर चौथं आर्ग्युमेंट म्हणजे त्या अडकलेल्या निरोपाचा पत्ता. खालच्या रकान्यात उद्गारचिन्ह, आयआरपी आणि तो पत्ता टाकला की निरोप कुणापाशी अडकला त्या ड्रायव्हरचं नाव येतं. वायफाय, ब्लूटूथ, लॅन कार्ड, यूएसबी डॉक, ग्राफिक्स, यातलंच कोणीतरी निघतं.

त्यावर उपाय म्हणजे तो ड्रायव्हर बदलणं, पण कुठून घ्यायचा हे महत्त्वाचं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पेजवर जा, तुमच्या मॉडेलचा नंबर टाका आणि तिथला ड्रायव्हर घ्या. ते "एका क्लिकमधे सगळे ड्रायव्हर अपडेट" वाले अ‍ॅप टाकू नका, मी हे अगदी कळकळीने सांगतोय, जवळपासच्या दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर टाकून ते नवीनच दुखणं उभं करतात. त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधे त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमधे रोल बॅक ड्रायव्हर आहे, ते आधी करून बघा. तिथेच पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमधे वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू दे अशी टिक असते, ती काढून दोन दिवस चालवून बघा, सगळ्या लॅपटॉपवर तो टॅब दिसत नाही पण दिसला तर उपयोगी आहे.

आणि फास्ट स्टार्टअप. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की विंडोजमधे शटडाऊन केलं तरी फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नल खऱ्या अर्थाने बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तीच परत उचलतात. म्हणजे बिघडलेला ड्रायव्हर तसाच बिघडलेला परत येतो. रिस्टार्ट मात्र पूर्ण असतं. टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्स, सीपीयू इथे अप टाइम बघा, रोज शटडाऊन करणाऱ्याच्या लॅपटॉपवरही तो बारा-पंधरा दिवस दिसतो. कंट्रोल पॅनलमधे पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटण काय करतं त्या पानावर जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. एसएसडी असेल तर सुरू व्हायला फार काही जास्त वेळ लागत नाही.

आता दुसरा प्रकार, कशाचा कशाला मेळ नाही तो. आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, परवा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, मग सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन. त्याच्या जोडीला ब्राउझरचे टॅब आपोआप क्रॅश होतात, मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर येतो आणि तीच फाइल परत उघडली तर नीट उघडते. हे ऐकलं की मी आधी रॅम तपासायला सांगतो. विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक चालवा, काही सापडलं तर काम झालं, पण काही सापडलं नाही म्हणजे रॅम चांगली असं धरू नका, ते बऱ्याच गोष्टी सोडून देतं. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू द्या, चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एक जरी लाल एरर आला तरी रॅम किंवा तिचा स्लॉट नापास, "एवढ्या जीबीत एकच तर एरर आहे" असा हिशोब इथे चालत नाही.

दोन स्टिक असतील तर एकेक काढून वेगवेगळी टेस्ट करा. पहिली स्टिक नापास झाली तर तीच दुसऱ्या स्लॉटमधे टाकून परत बघा, कारण कधी कधी स्लॉट खराब असतो आणि आपण उगाच नवीन रॅम घेतो. उघडायच्या आधी लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, आणि बॅटरीचा कनेक्टर सुटा करायचा, हे विसरू नका. नंतर वाढवलेली रॅम असेल तर आधी ती काढून फक्त मूळ स्टिकवर चालवा, वेगवेगळ्या वेगाच्या आणि टायमिंगच्या दोन स्टिक एकत्र काही लॅपटॉपना झेपत नाहीत. आजकाल बऱ्याच पातळ लॅपटॉपमधे रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे टेस्ट नापास झाली की सर्व्हिस सेंटरशिवाय मार्ग नाही, पण टेस्टच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, तिथे दाखवायला लागतो.

तिसरा प्रकार फसवा असतो. ब्लू स्क्रीन येते, पण टक्के शून्यावरच अडकतात, पुढे सरकतच नाहीत, आणि नंतर मिनीडंप फोल्डर बघितलं तर रिकामं. लोक म्हणतात डंपच नाही तर शोधायचं काय. अहो, डंप नसणं हाच पुरावा आहे. डंप डिस्कवर लिहायचा असतो आणि क्रॅशच्या क्षणी डिस्कच गायब असेल तर लिहिणार कुठे? कोड बहुतेक क्रिटिकल प्रोसेस डाइड, कर्नल डेटा इनपेज एरर किंवा अनएक्सपेक्टेड स्टोअर एक्सेप्शन. आणि त्यानंतर रिस्टार्ट झाल्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही असं येत असेल, आणि पूर्ण बंद करून परत चालू केल्यावर सगळं सुरळीत, तर एसएसडीवर संशय पक्का करा.

असं दिसलं की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्या. खरंच आधी. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, नंतर. मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कवर पूर्ण सेक्टर तपासणी लावली तर त्या ताणानेच ती जाऊ शकते आणि मग फोटो, कागदपत्रं सगळं गेलं. बॅकअप झाला की क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं टूल उघडा. जुन्या प्रकारच्या हार्ड डिस्कमधे रिअलोकेटेड सेक्टर्स आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळी बघा, शून्यापेक्षा जास्त असतील आणि वाढत असतील तर डिस्क बदला. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असेल तर मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स शून्य हवेत. इथे सगळं गुड दिसलं तरी एसएसडी मधेच डिस्कनेक्ट होत असू शकते, त्यासाठी इव्हेंट व्ह्यूअरमधे डिस्कच्या ७, १५३ आणि डिव्हाइस रिसेटच्या १२९ या आयडी शोधा. एसएसडीचं फर्मवेअर अपडेट उपलब्ध असेल तर करा, लॅपटॉप उघडता येत असेल तर एसएसडी काढून परत नीट बसवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

व्हिया अनकरेक्टेबल एरर आला तर प्रोसेसर किंवा त्याला जोडलेलं हार्डवेअर स्वतः सांगतंय की चूक झाली आणि ती दुरुस्त करता आली नाही. इथे सगळ्यात आधी व्होल्टेज कमी करणारं किंवा वेग वाढवणारं काही टूल चालू आहे का बघा. लॅपटॉप थंड राहावा म्हणून अंडरव्होल्ट करणारे खूप जण आहेत, चार महिने नीट चाललेली सेटिंग पाचव्या महिन्यात कमी पडू शकते. सगळं डिफॉल्ट करा. मग बायोस (लॅपटॉप सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट. मग तापमान, एचडब्ल्यूइन्फो लावून जड काम करताना बघा. एक मात्र सांगतो, नुसत्या उष्णतेने ब्लू स्क्रीन येण्यापेक्षा लॅपटॉप आधी हळू होतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर कसलीही स्क्रीन न दाखवता एकदम बंद पडतो, म्हणजे मघाचा शून्य कोड. तरी पंख्यातली धूळ साफ करायला काही हरकत नाही.

व्हिडिओ टीडीआर फेल्युअरमधे ग्राफिक्स कार्ड दोन सेकंदांत उत्तर देत नाही, विंडोज ड्रायव्हर रिसेट करून बघतं आणि तेही जमलं नाही की क्रॅश. त्याच्या आधी स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येत असेल तर तेही याचंच लक्षण. सेफ मोडमधे, म्हणजे फक्त गरजेच्या ड्रायव्हरवर विंडोज सुरू करून, डीडीयू नावाच्या टूलने ग्राफिक्स ड्रायव्हर मुळापासून काढा आणि लॅपटॉप कंपनीच्या पेजवरचा टाका, सगळ्यात नवीन असायलाच हवा असं काही नाही.

अँटीव्हायरस, व्हीपीएन आणि काही गेमचे अँटीचीट हेही कर्नलमधे ड्रायव्हर टाकतात हे लक्षात ठेवा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एका झटक्यात ब्लू स्क्रीनवर गेली, विमानतळ, बँका, हॉस्पिटलं अडकली. त्या मशीनचं हार्डवेअर धडधाकट होतं, आणि उपाय होता सेफ मोडमधे जाऊन एक फाइल काढणं. त्यामुळे दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा, आणि काढताना त्या कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा, नुसत्या अनइन्स्टॉलने ड्रायव्हर मागे राहतो.

एसएफसी आणि डिझम या विंडोजच्या सिस्टिम फाइल तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांड कुठेही विचारलं तरी पहिलं उत्तर म्हणून मिळतात. चालवा, नुकसान काही नाही, आधी डिझमची रिस्टोअर हेल्थ आणि मग एसएफसी स्कॅननाऊ, कारण एसएफसी दुरुस्तीसाठी ज्या साठ्यातून फाइल घेतं तोच डिझम नीट करतं. पण सारख्या येणाऱ्या ब्लू स्क्रीनवर यांनी कायमचा फरक पडलेला मी क्वचितच बघितलाय. त्या चालवून समाधान मानून थांबू नका.

एवढं करूनही नाव सापडत नसेल तर ड्रायव्हर व्हेरिफायर. हे ड्रायव्हरांवर मुद्दाम कडक पहारा लावतं, चुकणारा ड्रायव्हर लगेच क्रॅश होतो आणि डंपमधे त्याचं नाव स्पष्ट येतं. पण जपून. आधी रिस्टोअर पॉइंट बनवा, फक्त मायक्रोसॉफ्टचे नसलेले ड्रायव्हर निवडा, आणि सेफ मोडमधे कसं जायचं ते आधी शिकून घ्या, कारण लॅपटॉप सुरू होतानाच परत परत क्रॅश होऊ शकतो. तसं झालं तर सेफ मोडमधे कमांड प्रॉम्प्टवर व्हेरिफायर रिसेट द्यायचं. काम झाल्यावरही ते बंद करायचं, नाहीतर लॅपटॉप हळू चालतो आणि लोक मग वेगळंच दुखणं शोधत बसतात.

आणि या सगळ्याच्या आधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की हाताशी ठेवा. नवीन लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन तुमच्या नकळत चालू असू शकतं, बायोस अपडेट केलं किंवा बूटच्या सेटिंगला हात लावला की ४८ आकडी की मागतं, आणि ती नसेल तर डेटा परत मिळत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून ती दिसते का बघा आणि कागदावर लिहून ठेवा. बायोस अपडेट करताना बिटलॉकर सस्पेंड करा आणि चार्जर लावून ठेवा.

हार्डवेअर की सॉफ्टवेअर हे शेवटपर्यंत ठरतच नसेल तर लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावर चार-पाच तास काम करा, व्हिडिओ लावा, टॅब उघडा. तिथेही गोठलं किंवा बंद पडलं तर विंडोज आणि त्याचे ड्रायव्हर सुटले, दोष हार्डवेअरमधे. तिथे नीट चाललं तर एसएसडी अजून संशयात राहते, कारण लाइव्ह लिनक्स तिला फारसा हात लावत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम काढली, ड्रायव्हर बदलला, बायोस टाकला, सगळं एकाच रात्री केलं आणि त्रास थांबला तर कशाने थांबला ते कळणार नाही आणि परत आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि बरं झालं हे कधी म्हणायचं तर आधीच्या सवयीवरून ठरवा, आधी दर दोन-तीन दिवसांनी क्रॅश होत असेल तर निदान दोन आठवडे शांत गेल्याशिवाय नाही. तोपर्यंत डंपची सेटिंग तशीच राहू द्या, क्लीनर लावू नका, आणि मदत मागायची वेळ आली तर लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, विंडोजचं व्हर्जन, शेवटच्या चार-पाच मिनीडंप फाइल आणि ती मोबाइलमधली नोंद, एवढं एकत्र द्या, म्हणजे समोरच्याला अंदाजाने सांगावं लागणार नाही.